जतीनचा बिनधोक झेल

“येत्या रविवारी तलासरीचा एकही माणूस मला बोट लावू शकणार नाही,” जतीनने मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या खिडकीतून जाहीर केलं. “आणि जे होईल ते नियमाला धरून होईल. सांगून ठेवतो.”

बाहेर बर्फ भरायला आलेले खलाशी हसले. हसणारच हो. धाकटी डहाणूत जतीनला न ओळखणारा माणूस नाही, आणि तो कशाकशाला घाबरतो हे ठाऊक नसलेला तर शोधूनही सापडायचा नाही. मच्छीमाराच्या घरात जन्माला आला, पण बोटीत पाय ठेवायचा म्हटलं की घरात जाऊन कडी लावायचा. कुत्र्याला घाबरायचा, इंजेक्शनला घाबरायचा, कोंबडा जरा रोखून बघायला लागला तर रस्ता बदलायचा. म्हणून तर त्याच्या आईने, सोनूबाईने, चार ठिकाणी शब्द टाकून त्याला बर्फाच्या खिडकीवर बसवला होता. बर्फ काही कुणाच्या अंगावर धावून येत नाही.

तर असा हा जतीन अमेरिकन फुटबॉलच्या नादी लागलाच कसा? प्रेमात पडला म्हणून. दुसरं काय असणार!

मुलगी वरोरची, क्रांती. डहाणू रोडला औषधांच्या दुकानात कामाला. दोघांचं केव्हाच जमलं होतं, अडत होतं ते तिच्या बापापाशी. चंदर तांडेल म्हणजे वरोरच्या किनाऱ्यावरचा शेवटचा शब्द. आयुष्यभर बोट हाकलेला माणूस. त्याने जतीनला ओटीवर बसवून, चहासुद्धा न विचारता, सांगितलं होतं, “दर्यावर जात नाहीस, ठीक आहे. सगळ्यांनी गेलंच पाहिजे असं नाही. पण अंगावर काही आलं की पळणारा जावई मला चालणार नाही. माझी पोरगी मी कुणाच्या भरवशावर सोडू?”

“मी नाही पळत, काका,” जतीन म्हणाला. तेवढ्यात घरातली मांजर मागून उडी मारून आली आणि जतीन ओटीवरून थेट अंगणात उतरला.

“दिसलं,” चंदर म्हणाला.

त्याच सुमाराला जतीनचा आतेभाऊ जिग्नेश वडोदऱ्याचं कॉलेज संपवून परत आला, तो हा खेळ डोक्यात घेऊनच. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात धरायचा. चेंडूही गोल नाही, पपईसारखा लांबट. तो धरून पळायचं, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवा करायचा. बाकीचे नियम गावातल्या पोरांच्या डोक्यावरून गेले, पण आडवा करायचं तेवढं सगळ्यांना पटलं. तिकडे तलासरीला दीपक सरांनी पाड्यापाड्यातली पोरं गोळा करून संघ उभा केला होता. सामना ठरला, खाडीकाठचं मैदान ठरलं, आणि जिग्नेशच्या लक्षात आलं की आपल्याकडे एक माणूस कमी आहे. ही बातमी वरोरला पोचायला वेळ लागला नाही. चंदरचा निरोप आला, “जतीनला खेळव. मी बघायला येतो.”

म्हणजे आता सुटका नव्हती. खेळला नाही तर क्रांती गेली, आणि खेळून पळाला तर सगळ्या गावासमोर गेली.

त्यात तलासरीच्या संघात लहान्या होता. हे नाव त्याच्या आईबापांनी तो तान्हा असताना ठेवलं, त्यांचा काय दोष? पुढे तो वाढतच गेला. चिकूच्या वाडीत भरलेले क्रेट दोन्ही खांद्यांवर घेऊन टेम्पोपर्यंत पळत जायचा म्हणे. जिग्नेशने सरावात त्याचा व्हिडिओ दाखवला. त्यात लहान्या एका पोराच्या अंगावर धावत जात होता आणि नंतर ते पोरगं चित्रातच दिसत नव्हतं. जतीनने त्या दिवशी जेवण टाकलं.

घाबरलेला माणूस देवाचं नाव घेतो. जतीनने नियमांचं पुस्तक घेतलं. खिडकीवर गिऱ्हाईक नसलं की तो मोबाईलवर ते वाचत बसायचा. पानामागून पान गेलं, आणि एका दुपारी त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. फेअर कॅच! समोरच्या संघाने लाथेने उंच उडवलेला चेंडू हवेत असताना झेल घेणाऱ्याने एक हात डोक्याच्या वर नेऊन हलवला, की त्याला कुणीही हात लावायचा नाही. तो झेल घेणार, पळणार नाही, आणि त्याला कुणी पाडणार नाही. जतीनने दोनदा वाचलं. हा खेळ आपल्यासारख्याच कुणीतरी शोधला असणार याची त्याला खात्री पटली. त्याने त्या नियमाचं नावही ठेवून टाकलं, बिनधोक झेल.

त्याच्या खाली आणखी एक पोटनियम होता, तो तर जिग्नेशलाही ठाऊक नव्हता. असा झेल घेतला की त्याच जागेवरून गोलखांबांकडे एक मोकळी लाथ मारता येते, आणि तेव्हा समोरच्यांनी दहा यार्ड लांब उभं राहायचं. सामन्याची वेळ संपली असली तरी ही एक लाथ मिळतेच. खांबांमधून गेली की तीन गुण.

दुसऱ्या दिवशी जतीन जिग्नेशला म्हणाला, “मागे एकटा उभा राहून झेल घेतो ना, ती जागा मला दे.”

जिग्नेश बघतच राहिला. ती जागा कुणालाच नको होती. चेंडू खाली येईपर्यंत वर बघत उभं राहायचं, आणि समोरून अख्खा संघ अंगावर येत असतो. “भाय, तुला कळतंय ना तू काय मागतोयस?”

“कळतंय,” जतीन म्हणाला, आणि कारण सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की जतीनने सगळ्यात धोक्याची जागा स्वतः मागून घेतली. बर्फ भरणारे खलाशी आता त्याला ‘जतीनशेठ’ म्हणायला लागले. सोनूबाईने बाजारात पापलेट विकता विकता अर्ध्या डहाणूला सांगितलं. चंदर तांडेल म्हणे ऐकून पान लावता लावता थांबला. क्रांती मात्र दुकानातून थेट खिडकीवर आली.

“तू खरंच एकटा उभा राहणार?”

“राहणार.”

“मग हात का थरथरतोय तुझा?”

“बर्फ गार आहे,” जतीन म्हणाला.

खरं कारण वेगळं होतं. आदल्या दिवसापासून एक शंका त्याला पोखरत होती. नियम आपल्याला माहीत आहे, ठीक. पण लहान्याला माहीत आहे का? आपण हात वर करून उभे, आणि लहान्याला वाटलं की हा रामराम करतोय, तर?

शेवटी त्याने खिडकी दुसऱ्याकडे सोपवली आणि जीप धरून तलासरीला गेला. विचारत विचारत पाड्यावर पोचला. लहान्या अंगणात दोरी वळत बसला होता. बसलेला असूनही जतीनच्या छातीला लागत होता. त्याची बायको रूपी हिने पाणी आणून दिलं. जतीनने लांबूनच सगळा नियम समजावला, दोनदा करूनही दाखवला.

“हात वर केला का थांबायचं,” लहान्या म्हणाला. “बरं. थांबू की. त्यात काय.”

जतीनचा जीव भांड्यात पडला.

“फक्त एक हाय दादा,” लहान्या दोरी बाजूला ठेवत म्हणाला. “मी थांबतो, पण लगेच नाय थांबत.”

“म्हणजे?”

“म्हणजे ह्या उतारावरनं निघलो ना, तर त्या खालच्या विहिरीपाशी थांबतो.”

जतीनने उताराकडे बघितलं. मग विहिरीकडे बघितलं. रूपी म्हणाली, “तुम्ही हात जरा लवकर वर करा.” परतीच्या जीपमध्ये जतीन सबंध वाट हात वर करायचा सराव करत होता, आणि शेजारच्या बाई खिडकीला चिकटून बसल्या होत्या.

रविवार उजाडला. भरती लागायला अजून वेळ होता, वारा बेताचा, आणि खाडीकाठच्या मैदानाला जत्रेचं रूप आलं होतं. सगळ्या बोटी किनाऱ्याला, कारण सगळे खलाशी सामन्याला. चंदर तांडेल पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसला होता, शेजारी क्रांती, तिच्या शेजारी सोनूबाई. तलासरीकडची माणसं टेम्पो भरून आली होती. पंच म्हणून वलसाडहून रुपल मॅडम आल्या होत्या. बारीक चणीची बाई, पण शिट्टी वाजवली की लहान्यासुद्धा सावरून उभा राहायचा.

पहिल्यांदा चेंडू जतीनकडे आला. वर आभाळात चेंडू, समोर लहान्या. ठरल्याप्रमाणे त्याने हात वर केला. म्हणजे त्याला वाटलं, केला. भीतीने खांदाच आखडला होता, त्यामुळे हात जेमतेम हेल्मेटपर्यंत गेला आणि कान खाजवल्यासारखा हलला. पुढचं त्याला नीट आठवत नाही. आभाळ खाली आलं आणि जमीन वर गेली एवढं आठवतं.

“लागलं का दादा?” लहान्या त्याला उचलून उभा करत विचारत होता. “हात कुठं वर केला तुम्ही? मी बघत होतो की.”

रुपल मॅडम आल्या. “हा इशारा चालणार नाही. उलट तुमच्यावरच दंड. हात पूर्ण वर, आणि या बाजूपासून त्या बाजूपर्यंत हलला पाहिजे. लांबून दिसला पाहिजे.”

“किती लांबून?” जतीनने विचारलं.

“मैदानाच्या बाहेरून दिसेल असा, असं समजा.”

एवढं ऐकून जतीन जागेवर गेला आणि देवाला म्हणाला, आता पुन्हा चेंडू माझ्याकडे पाठवू नको. देवाने बराच वेळ ऐकलं. पण शेवटी तलासरी दोन गुणांनी पुढे, सामना संपायला आलेला, आणि त्यांच्या पोराने चेंडूला अशी लाथ घातली की तो आभाळात जाऊन दिसेनासा झाला. चेंडू वर असतानाच वेळ संपल्याचा भोंगा वाजला. तलासरीवाले नाचायला लागले. दोन्ही संघांत पोटनियम फक्त एका माणसाला ठाऊक होता, आणि तो माणूस मागे एकटा उभा होता. झेल घेतला तर एक लाथ मिळणार, तीन गुण मिळणार, सामना जिंकणार, क्रांती मिळणार. आणि लहान्या निघाला होता.

जतीनने जिवाच्या आकांताने हात वर केला. पूर्ण वर. टाचा उचलून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळं अंग डोलवत हलवला. वलसाडहूनही दिसला असता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते. तिथे एखादी बोट रुतली, कलली, की जो कुणी आधी बघेल त्याने हात डोक्यावर नेऊन असाच हलवायचा. आणि तो हात ज्याच्या ज्याच्या नजरेला पडेल त्याने असेल ते काम टाकून धावायचं. कुणाची बोट, कसली बोट, हे नंतर. आजे-पणजे असेच धावले. हे जतीनला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तेव्हा त्याला स्वतःचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

चंदर तांडेल खुर्ची उलटवून उठला. “धावा रे,” तो गरजला, आणि सगळा किनारा धावला. खलाशी धावले, म्हातारे धावले, सोनूबाई लुगडं खोचून धावली. समोरून लहान्या, दोन्ही बाजूंनी आपलंच गाव, वर चेंडू. जतीनला पळायचं होतं हो, अगदी मनापासून पळायचं होतं. पण पाय उचलेनात. त्याने डोळे मिटून घेतले.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग कुणीतरी धापा टाकत असल्याचं ऐकू आलं. त्याने डोळे उघडले तर समोर लहान्याची पाठ. लहान्या थांबला होता. नुसता थांबला नव्हता, वळून दोन्ही हात पसरून धाकटी डहाणूला अडवून उभा होता. “हात वर केलाय त्यांनी,” तो सगळ्यांना सांगत होता. “आता कुणी शिवायचं नाय. नियम हाय.” आणि जतीनच्या पोटाशी, त्याने कधी धरला कुणास ठाऊक, चेंडू होता.

पण चंदर तांडेलला कोण अडवणार? त्याने लहान्याच्या काखेखालून वाकून जतीनचे खांदे धरले. “कुठे? कुणाची बोट?”

खरं सांगायची हीच वेळ होती. काका, बोटबिट नाही, मला कुणी हात लावू नये म्हणून हलवत होतो. एवढंच वाक्य. पण चंदरच्या मागे क्रांती येऊन उभी होती, आणि ती जतीनकडे अशी बघत होती, की तसं आजवर कुणीच बघितलं नव्हतं. जतीनचा हात आपोआप उठला आणि समुद्राकडे वळला. “तिकडे,” तो म्हणाला.

“कुणालाच दिसली नाही आणि ह्याला दिसली,” कुणीतरी म्हणालं.

“चल,” चंदर म्हणाला. “तूच दाखव.”

खांदे सोडवून घ्यायच्या आत जतीन हेल्मेट-पॅडसकट बोटीत होता. लहान्याही चढला. मदतीला माणूस लागतो म्हणून हाक आली होती, मग तो कसा मागे राहील? तलासरीच्या बाकीच्यांनी बोटी ढकलायला खांदे दिले. मैदानावर रुपल मॅडम शिट्टी धरून एकट्या उभ्या राहिल्या.

खाडीचं तोंड ओलांडलं आणि बोट उसळायला लागली. जतीनने पुढची कड दोन्ही हातांनी धरली असती, पण चेंडू सुटत नव्हता. पाणी चारी बाजूंनी, तेही खोल. आयुष्यभर जे टाळलं ते सगळं एकदम अंगावर आलं होतं. “कुठल्या अंगाला?” चंदर मागून विचारत होता. जतीन हेल्मेटने एकदा उजवीकडे दाखवायचा, एकदा डावीकडे.

तेवढ्यात त्याचं मनगट कुणीतरी आवळलं. लहान्या. तोंडाचा रंग उडालेला, डोळे विस्फारलेले. जन्मात पहिल्यांदा समुद्रावर आला होता.

“दादा,” तो हळूच म्हणाला, “हिला ब्रेक कुठं असतो?”

“नसतो,” जतीन म्हणाला.

लहान्याने डोळे मिटले आणि एकेका देवाचं नाव घ्यायला लागला. मधेच म्हणाला, “रूपीला सांगा, दोरी वळायची ऱ्हायली.” जतीनने त्याच्याकडे बघितलं. ही भीती त्याच्या ओळखीची होती, तिचा कण न् कण. एवढा मोठा माणूस मघाशी आपल्यासाठी सगळ्या गावाला आडवा झाला, आणि आता आपल्या थापेपायी इथे मरायला टेकलाय. जतीनला स्वतःची एवढी लाज कधीच वाटली नव्हती. क्रांती गेली तर गेली.

“काका, बोट फिरवा,” तो ओरडला. “बोट नाही. कुणीच रुतलेलं नाही. मला हा पाडेल म्हणून मी घाबरलो होतो. हात वर केला की पाडत नाहीत, असा नियम आहे. म्हणून हात हलवला. मी भित्रा आहे, काका. तुमच्या मांजरीच्या वेळी बघितलंत ना तुम्ही.”

चंदरने इंजिन बंद केलं. बोट नुसतीच वरखाली व्हायला लागली, ते तर आणखी वाईट.

“म्हणजे बोटच नाही?”

“नाही.”

“मग एवढं गाव धावलं कशाला?”

“तुम्ही ‘धावा’ म्हणालात म्हणून,” जतीन म्हणाला.

चंदर उठून उभा राहिला. त्याने मागे वळून बघितलं. वरोरच्या, धाकटी डहाणूच्या, होत्या नव्हत्या तेवढ्या बोटी त्याच्या मागोमाग येत होत्या. किनाऱ्यावर माणसांची रांग उभी होती. चंदर तांडेल म्हणाला म्हणून! त्याने घसा खाकरला, गमछा काढला, घाम पुसला, पुन्हा बांधला. जतीनने चंदर तांडेलला घाबरलेला पहिल्यांदाच बघितला.

“हे आपल्या तिघांत राहील,” चंदर शेवटी म्हणाला. “काय रे मोठ्या?”

“मी कुणाला सांगत नाय,” लहान्या डोळे मिटूनच म्हणाला. “जमिनीवर न्या फक्त.”

परत आले तेव्हा रुपल मॅडम तिथेच उभ्या. “झेल झाला तेव्हा या माणसाला कुणी शिवलं नव्हतं, मी बघितलंय. एक लाथ बाकी आहे.” जतीनच्या हातातून चेंडू सोडवायला दोन माणसं लागली. जिग्नेशने तो ठेवला, देवाचं नाव घेतलं आणि अशी लाथ मारली की चेंडू खांबांना वळसा घालून खाडीत गेला. तलासरी जिंकली. पण तिकडे बघायला कुणाला सवड होती? सगळे चंदरभोवती जमले होते.

“सापडली का बोट?”

चंदरने एकदा जतीनकडे बघितलं, एकदा गावाकडे. “होती,” तो म्हणाला. “बाहेरची होती, आम्ही पोचेपर्यंत सुटून गेली. पण काय नजर आहे या पोराची! मला नाही दिसली, त्याला दिसली. आणि एवढं गाव अंगावर आलं, तरी जागचा हलला नाही. सोनूबाई, मी मुलगी दिली तुमच्या घरात.”

सोनूबाईने जतीनच्या हेल्मेटवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. क्रांतीने सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. जतीनला हेल्मेटच्या आत रडू फुटलं, सुखाचं.

“आणि असली नजर बर्फाच्या खिडकीत कुजवायची नाही,” चंदर पुढे म्हणाला, कारण एकदा सुरू झालेला तांडेल मधेच थांबत नाही. “उद्या पहाटेपासून हा माझ्या बोटीवर. पुढे उभा राहील, नजर ठेवायला. रोज.”

टाळ्या पडल्या. जतीन हसला. बोहल्यावर नवरदेव हसतो तसा, सगळीकडे बघत आणि कुणाकडेच न बघत. मग तो हळूच लहान्याच्या बाजूला सरकला आणि ओठ न हलवता विचारलं, “तलासरीची शेवटची जीप कधी असते?”

“गेली,” लहान्या म्हणाला.